उंबराखालचा तास



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या पुतणीची मुलगी घरी राहायला आली होती. सहावीत आहे. सोबत शाळेचा प्रकल्प होता. विषय : ‘विविध वनस्पती आणि प्राणी यांची माहिती’. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेले दोन तक्ते, कात्री, डिंक आणि प्रकल्पाची वही असं सगळं सामान तिनं माझ्या टेबलावर मांडलं आणि तासाभरात अर्धी वही भरूनही टाकली. वाघ, हत्ती, जिराफ, पेंग्विन, कांगारू. मग आंबा, वड, निवडुंग. प्रत्येक चित्राखाली सुवाच्य अक्षरात चार-चार ओळी. मी विचारलं, ‘‘यातलं तू स्वतः काय काय पाहिलंयस?’’ ती जरा थांबली. म्हणाली, ‘‘आंबा. आणि वड बहुतेक पाहिलाय, आजोबा. शाळेच्या रस्त्यावर आहे. की तो पिंपळ आहे?’’

तिची थट्टा करण्याचा मला अधिकार नाही. कारण १९७४ साली मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात दाखल झालो, तेव्हा माझी अवस्था फार वेगळी नव्हती. कृष्णाकाठच्या एका गावात वाढलेला मुलगा मी. पण परीक्षेत ज्या झाडाला गुण मिळतात तेच खरं झाड, अशी माझी पक्की समजूत होती. लॅटिन नावं मी धडाधड पाठ म्हणत असे आणि त्यालाच वनस्पतिशास्त्र समजत असे. माझी ही समजूत दूर झाली ती एका झाडाखाली आणि थोडीशी लाजिरवाण्या पद्धतीनं. ती हकिगत आज सांगणार आहे. तिच्या निमित्तानं, झाडं आणि प्राणी ‘शिकायचे’ म्हणजे नेमकं काय करायचं, याचाही थोडा विचार करू.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर होते. पहिल्याच महिन्यात त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला एक काम दिलं. गावातलं कुठलंही एक झाड निवडायचं. दर रविवारी सकाळी एक तास त्या झाडाखाली बसायचं. वर्षभर. आणि वहीत चार रकाने आखायचे : काय दिसलं, किती दिसलं, ते काय करत होतं आणि कुठे. तारीख आणि वेळ वर लिहायची. नाव ठाऊक नसेल तर आपणच एखादं तात्पुरतं नाव ठेवायचं. पण नाव माहीत नाही म्हणून नोंद गाळायची नाही. आणि कारण ठाऊक नसेल तर कारण लिहायचं नाही. हा शेवटचा नियम सरांनी दोनदा सांगितला होता. मी तो एकदाही नीट ऐकला नाही, हे पुढे कळेलच.

मी घाटावरचं उंबराचं झाड निवडलं. त्यामागे अभ्यासू वृत्ती वगैरे काही नव्हती. घर जवळ होतं, खाली दगडी पार होता आणि सावली दाट होती. दत्ताचं स्थान म्हणून ते झाड कोणी तोडत नसे. कृष्णाकाठी औदुंबराला किती मान आहे हे वेगळं सांगायला नको. सांगली जिल्ह्यात त्याच नावाचं क्षेत्र आहे.

पहिले तीन रविवार माझ्या वहीत जवळजवळ काहीच नव्हतं. ‘कावळे २. मुंग्या पुष्कळ. बाकी काही नाही.’ सरांनी ती पानं पाहिली आणि एवढंच म्हणाले, ‘‘पुष्कळ म्हणजे किती? आणि कुठून कुठे चालल्या होत्या?’’ चौथ्या रविवारी मी मुंग्यांच्या रांगेमागे डोळे लावून बसलो. रांग खोडावरून वर चढत होती आणि खोडालाच लगडलेल्या कच्च्या उंबरांच्या घोसांवर पसरत होती. पुष्कळ झाडांना फळं फांद्यांच्या टोकांना येतात, उंबराला ती थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात, हे मी लहानपणापासून पाहत होतो; पण ‘पाहिलं’ त्या दिवशी. एकदा नजर बसली की मग एकेक गोष्ट दिसायला लागली. पानांवर बारीक फोड होते. खोडाच्या खाचेत पाल होती. वरच्या वाळक्या फांदीवर तांबट बसून टुक्-टुक् करत होता. महिन्याभरात एक तास अपुरा पडू लागला.

इथे नावांविषयी थोडं सांगतो, कारण शिकणाऱ्या मुलाची पहिली अडचण तीच असते. मी ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकात उंबराचं शास्त्रीय नाव पाहिलं, तर ते ‘फायकस ग्लोमेराटा’ असं होतं. नव्या पुस्तकात ‘फायकस रेसिमोसा’. मी गोंधळलो. सरांनी उलगडा केला. लिनियसनं १७५३ साली आपल्या ग्रंथात या झाडाला रेसिमोसा म्हटलं होतं. पुढे भारतात काम करणाऱ्या रॉक्सबर्गनं त्याच झाडाला ग्लोमेराटा नाव दिलं आणि आपल्याकडच्या ग्रंथांत तेच रुळलं. दोन्ही झाडं एकच, असं ठरल्यावर नियमाप्रमाणे आधीचं नाव कायम झालं. झाड मात्र जिथल्या तिथे उभं होतं. हिंदीत ते गूलर, कन्नडमध्ये अत्ती, कोकण-गोव्याकडे रुमड. नावाचा उपयोग मोठा आहे. नावामुळे माझी नोंद आणि तुमची नोंद एकाच झाडाची आहे हे कळतं. पण नाव म्हणजे घराच्या दारावरची पाटी. ती वाचली म्हणजे घरात कोण राहतं ते कळतं असं नाही.

उंबराच्या बाबतीत तर घरात कोण राहतं हाच सगळा मुद्दा आहे.

झालं असं, की दोन-अडीच महिन्यांनी मी वहीत लिहिलं : ‘या झाडाला फुलं येत नाहीत. फळं एकदम येतात.’ आपल्याकडे क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतोच. सरांनी ते वाक्य वाचलं, खिशातून ब्लेड काढलं आणि मला घाटावर घेऊन गेले. एक कच्चं, हिरवं उंबर तोडून त्यांनी उभं चिरलं. आतल्या पोकळीच्या भिंतीवर केसाएवढ्या बारीक दांड्यांची दाट गर्दी होती. सर म्हणाले, ‘‘ही फुलं. शेकड्यांनी आहेत. तू ज्याला फळ म्हणतोस ती बाहेरून मिटलेली परडी आहे.’’

म्हणजे उंबराला फुलं येतात, भरपूर येतात. ती आतल्या बाजूला असतात. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. बंद परडीतल्या फुलांपर्यंत पराग पोहोचतात कसे? वारा आत जात नाही. मधमाशी, फुलपाखरू आत शिरू शकत नाही. उंबराच्या टोकाला एक बारीकसं तोंड असतं, तेही एकावर एक बसलेल्या खवल्यांनी बंद केलेलं. त्यातून आत शिरते ती गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची एक माशी. शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. आपण तिला सोयीसाठी उंबरमाशी म्हणू.

आतली फुलं तयार झाली की त्या उंबरातून विशिष्ट गंध सुटतो. तो हुंगत उंबरमाशीची मादी येते. खवल्यांमधून अंग घासत, रेटत आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख तिथेच तुटतात. आता परतीचा मार्ग नाही. ज्या उंबरात तिचा जन्म झाला तिथले पराग तिनं बरोबर आणलेले असतात, छातीवरच्या खास कप्प्यांत भरून. ती ते या फुलांवर टाकते आणि फुलांमध्ये अंडी घालते. काही फुलांच्या दांड्या आखूड असतात. त्यांच्या तळाशी तिची अंडी पोचतात आणि तिथे पिल्लं वाढतात. काहींच्या दांड्या लांब असतात; तिथे अंडं पोचत नाही, पण पराग पोचलेला असतो, म्हणून तिथे बी धरतं. काही फुलं माशीसाठी, काही झाडासाठी. मादी आतच मरते.

काही आठवड्यांनी पुढची पिढी तयार होते. आधी नर बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. माद्या अजून आपापल्या फुलाच्या कोषात असतानाच नर त्यांच्याशी मीलन करतात, मग उंबराच्या भिंतीतून बाहेरपर्यंत एक भोक पाडतात आणि मरून जातात. साऱ्या जन्मात ते उंबराबाहेरचं जग जवळजवळ पाहतच नाहीत. त्याच सुमारास आतली नर-फुलं पिकतात. माद्या बाहेर येतात, पराग गोळा करून कप्प्यांत भरतात आणि नरांनी पाडलेल्या भोकातून उडून जातात. त्यानंतर ते उंबर फुगतं, मऊ होतं, तांबडं होतं आणि पाखरांना बोलावतं. पिकलेलं उंबर फोडल्यावर आपल्याला आत जे किडे दिसतात, त्यांतले बरेचसे या संसारातले मागे राहिलेले असतात. फळ नासलं म्हणून किडे झाले, असं आपण म्हणतो. खरं तर ते किडे नसते तर ते फळ पिकलंच नसतं. ज्या उंबरात माशी शिरत नाही, ते सहसा कच्चंच गळून पडतं.

सरांनी हे सगळं मला सांगितलं. पण ते सांगण्यापूर्वी मी एक पराक्रम करून बसलो होतो, आणि लाजिरवाणा भाग तो आहे.

घाटावरच्या देवळाची व्यवस्था पाहणारे एक वयस्कर गुरव होते. सगळे त्यांना मामा म्हणत. वही-पेन्सिल घेऊन दर रविवारी बसणारा मुलगा त्यांना मोठा शास्त्रज्ञ वाटत असावा. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘बाळ, तुझं शिक्षण ह्यातलंच ना? मग सांग बघू, झाडाला काय झालंय? पानांवर फोड आलेत आणि उंबरात किडं पडत्यात.’’ मला ‘माहीत नाही’ असं म्हणायला हवं होतं. पण सोळा-सतरा वर्षांच्या, नुकतीच शंभर लॅटिन नावं पाठ केलेल्या मुलाला ते दोन शब्द फार जड असतात. मी वहीत पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, ‘‘कीड आहे, मामा. औषध मारायला पाहिजे.’’

मामांनी शेजारच्या मळ्यातून फवारणीचा पंप आणला आणि पिकावर मारायचं औषध खोडावर, हाताला येतील तेवढ्या फांद्यांवर आणि घोसांवर मारलं. भक्तिभावानं मारलं. झाड देवाचं होतं.

पुढच्या रविवारी मुंग्यांची रांग नव्हती. पारावर मेलेले किडे पडले होते. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत खालच्या घोसांतली कच्ची उंबरं पटापट गळली. वर, जिथं पंप पोचला नव्हता, तिथली टिकली आणि पुढे पिकली. हे सगळं माझ्या वहीत तारखांसह लिहिलेलं होतं आणि त्याचा अर्थ मला कळत नव्हता. सरांनी उंबर चिरून दाखवलं त्या दिवशी तो कळला. फुलं तयार होऊन माशीची वाट पाहत होती, नेमक्या त्याच दिवसांत आम्ही दारावर विष शिंपडलं होतं.

आणि पानांवरचे फोड? ते काय आहेत तेही सरांनी दाखवलं. एक फोड ब्लेडनं उघडला. आत रस शोषणाऱ्या एका चिमुकल्या कीटकाचं पिल्लू बसलं होतं. पानाच्या पेशी फुगवून त्यानं आपल्यासाठी खोली करून घेतली होती. उंबराच्या पानांवर हे फोड सर्रास दिसतात आणि झाडं ते अंगावर वागवत वर्षानुवर्षं जगतात.

मी सरांना फवारणीची गोष्ट सांगून टाकली. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘एका झाडावरून आणि एका फवारणीवरून सिद्धांत मांडू नकोस, उंबरं दुसऱ्या कारणांनीही गळतात. पण कारण माहीत नसताना उपाय सांगितलास, ही चूक नक्की झाली. ती वहीत लिही.’’ मग आम्ही दोघं मामांकडे गेलो. चिरलेलं उंबर मामांनी कितीतरी वेळ हातात धरून पाहिलं. ‘‘म्हंजे ह्यो किडा नाही, ह्यो तर बिऱ्हाडकरू,’’ ते म्हणाले. त्यानंतर घाटावर कोणी उंबराला कीड लागली म्हणालं, की मामाच त्याला ही गोष्ट ऐकवत.

वर्ष संपलं तेव्हा माझ्या वहीत त्या एका झाडावर आलेले बावीस प्रकारचे पक्षी होते. तांबट, हळद्या, कोकीळ, बुलबुल, साळुंकी, पोपट. पिवळ्या पायांची हिरवी कबुतरं, म्हणजे हरियाल, जो आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. राखी धनेशाची जोडी दोनदा आली. खारी रोजच्याच. संध्याकाळी मुद्दाम गेलो तर वटवाघळं. खाली पडलेल्या उंबरांवर गाई, शेळ्या आणि आम्ही मुलं. आणि एक गोष्ट वर्षभराच्या तारखा मांडल्यावरच लक्षात आली : आमच्या झाडाला वर्षातून एकदा नव्हे, अनेकदा फळं धरली. आणि नदीच्या पलीकडच्या काठावरच्या उंबराची वेळ आमच्या उंबराशी जुळत नव्हती. आमचं रिकामं असे तेव्हा ते लगडलेलं असे.

आंब्याची सगळी झाडं साधारण एकाच हंगामात पिकतात. मग उंबरांनीच अशी आपापली वेगळी वेळ का धरावी? याचं उत्तर पुन्हा त्या दोन मिलिमीटरच्या माशीपाशी येतं. बाहेर पडलेली मादी एक-दोन दिवसच जगते. काही खात नाही. तेवढ्या वेळात तिला दुसरं उंबराचं झाड सापडलं पाहिजे आणि त्याची उंबरं नेमकी फुलण्याच्या अवस्थेत असली पाहिजेत. सगळी झाडं एकदम फुलली, तर माश्या बाहेर पडतील तेव्हा एकही झाड तयार नसेल. माशी संपेल आणि माशीबरोबर उंबरही. म्हणून परिसरात कुठलं ना कुठलं झाड कायम फुलत असावं लागतं. त्याचाच दुसरा अर्थ असा, की कुठलं ना कुठलं झाड कायम पिकत असतं. इतर फळं नसतात अशा दिवसांत पाखरं, वटवाघळं, माकडं उंबर, वड, पिंपळ, नांद्रुक यांच्यावर जगतात. या साऱ्या झाडांची पद्धत हीच आहे. बहुतेक प्रत्येकाची माशी वेगळी. जगात फायकसच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि झाड-माशीची ही भागीदारी सुमारे सात-आठ कोटी वर्षं चालू आहे, असं शास्त्रज्ञ मानतात.

ज्याच्यावर इतक्यांचं पोट अवलंबून आहे ते झाड स्वतः एका चिलटाएवढ्या जीवावर अवलंबून आहे. प्रकल्पाच्या वहीत वाघ एका पानावर आणि वड दुसऱ्या पानावर चिकटवला, की हा धागाच दिसेनासा होतो.

आता या धाग्याला ताण कुठे पडतो ते पाहू. एकच उंबर राखून उपयोग नाही. माशीला एका आयुष्यात गाठता येतील अशा अंतरावर अनेक उंबरं हवीत. हे अंतर किती? माशी चिमुकली असली तरी वाऱ्यावर स्वार होऊन बरीच दूर जाते. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटात उंबराच्याच एका भाईबंदाची झाडं नदीकाठी विरळ विखुरलेली आहेत. तिथे माश्यांनी १६० किलोमीटरपर्यंत पराग वाहून नेल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. ऐकून धीर येतो. पण २०१३ साली सिंगापूरमधल्या अभ्यासकांनी दुसरी बाजू मांडली. हवा तापली की या माश्यांचं मुळातच तोकडं असलेलं आयुष्य आणखी घटतं, असं त्यांच्या प्रयोगात दिसलं. म्हणजे झाडं जितकी विरळ होतील तितका माशीला वेळ जास्त लागणार, आणि उन्हाळे जितके कडक होतील तितका तिच्याकडे वेळ कमी उरणार.

आपल्या देशातही या झाडावर मोलाचं काम झालं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबर, त्याच्या माश्या आणि मुंग्या यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. उंबरात फुकटे पाहुणेही असतात. काही माश्या आत न शिरता बाहेरूनच लांब नळीसारख्या शेपटीनं भिंत भेदून अंडी घालतात; पराग मात्र आणत नाहीत. खोडावर फिरणाऱ्या मुंग्या अशा माश्यांना टिपतात. इतकंच काय, सूक्ष्म जंत उंबरमाशीच्या अंगावर बसून एका उंबरातून दुसऱ्या उंबरात प्रवास करतात. माझ्या वहीतलं ‘मुंग्या पुष्कळ’ हे वाक्य मला हे वाचताना आठवलं. त्या मुंग्या तिथे का होत्या, हे मला कळायला आयुष्यातली तीस वर्षं जावी लागली.

माझ्या घाटावरचं झाड आज नाही. नदीकडचा रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेलं. त्याच्या बदल्यात रस्त्याच्या कडेला रोपं लावली गेली. सगळी शोभेची होती, उंबर एकही नव्हतं. रस्ता नको होता असं मी म्हणत नाही. पण ‘एकाच्या बदल्यात पाच झाडं लावली’ हा हिशेब बरोबर आहे की नाही, हे त्या झाडावर कोण राहत होतं ते ठाऊक असणारा माणूसच सांगू शकतो. आणि तो ठाऊक असणारा माणूस तयार होतो तो सहावीच्या वयात, झाडाखाली बसून.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझं एक सुचवणं आहे. मुलांना शंभर प्राण्यांची चित्रं चिकटवायला जरूर लावा. पण एक झाड असं द्या, की ज्याच्याखाली ते मूल वर्षभर बसेल. जंगल हवं असं नाही. सोसायटीच्या आवारातला शेवगा चालेल, शाळेमागचा करंज चालेल, गटाराच्या पाइपावर उगवलेला पिंपळही चालेल. साहित्य : एक वही, एक पेन्सिल. दुर्बीण मिळाली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. साप, विंचू, गांधीलमाश्यांचं पोळं यांच्या जवळ जायचं नाही, लांबून पाहायचं. अनोळखी फळ-पान तोंडात घालायचं नाही. आता मोबाइलवर फोटो काढून नाव शोधता येतं. जरूर शोधावं, पण त्याआधी चार रकाने भरावेत. ‘सीझनवॉच’ नावाच्या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं ओळखीच्या झाडांची पालवी, फुलं, फळं यांच्या नोंदी पाठवतात. तुमच्या मुलाची नोंद त्यात जाऊ शकते. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार गावागावांत लोकांच्या माहितीवर आधारलेली जैवविविधता नोंदवही करायची असते. आपल्या गावाची नोंदवही कशी आहे, तिच्यात काय राहून गेलंय, हे पाहणं हाही मुलांसाठी चांगला प्रकल्प आहे. अशा वेळी गावातले गुराखी, मासे पकडणारे, वैदू, आपल्या घरातल्या आज्या यांना विचारायला विसरू नका. त्यांना शास्त्रीय नावं नसतील ठाऊक. कुठलं झाड कधी फुलतं हे पक्कं ठाऊक असतं.

पुतणीच्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. चित्रांची वही तिनं पुरी केली. शाळेत द्यायची होती, गुण मिळायचे होते. पण सुट्टी संपवून परत जाताना ती माझ्याकडून एक कोरी वही घेऊन गेली. तिच्या शाळेच्या रस्त्यावरचं झाड वडच निघालं. पारंब्या पाहून तिनं स्वतः ठरवलं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. वडाच्या लाल फळांवर एक हिरवा पक्षी बसतो, चोचीभोवती मिशा आहेत, छातीवर लाल पट्टा आहे, सारखा टुक्-टुक् करतो. त्याचं नाव तिनं ‘घड्याळ’ असं ठेवलंय. मी खरं नाव लगेच सांगितलं नाही. विचारलं, ‘‘किती होते आणि काय करत होते?’’

‘‘दोन होते,’’ ती म्हणाली. ‘‘एक खात होता. दुसरा काय करत होता ते कळलं नाही, म्हणून तो रकाना रिकामा ठेवलाय.’’



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)